टेबलाखालचं राज्य

३ फेब्रुवारी

ठमे,

पाकिटावर आईचं अक्षर बघून उघडलंस ना? फसलीस. पत्ता मुद्दाम तिच्याकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर न उघडताच कपाटावर भिरकावलं असतंस. राग नाकावर ठेवायची सवय तू माझ्याकडूनच उचलली आहेस. आता उघडलंच आहेस तर वाच. सहा वर्षांत एक पत्र, एवढं सोसायला हरकत नाही.

काम आहे म्हणून लिहितोय. उगाच काही समजू नकोस.

मी बांधलेलं पोरांचं ते मैदान, टेबलाखालचं राज्य. त्याची पार रया गेली आहे. वाढायच्या डावाच्या आकाराच्या घसरगुंडीचा रंग पोरांनी पँटींना पुसून घरी नेला. गाळणीची जाळी दोनदा बदलून झाली. लाकडी लाटण्यावरून चालताना बापलोक धडाधड पडायचे आणि पोरं टाळ्या पिटायची, ते लाटणं एका टोकाला कुजलंय. टेबल मात्र ठणठणीत आहे. चार पोलादी पाय, वर वीस पावलं लांबीचा फळा, खाली सगळं राज्य.

दुरुस्ती माझ्याकडेच आली आहे. शिवाय आमच्या संस्थेला हेच मैदान, जसंच्या तसं, आणखी पाच गावांत बांधायचंय. रिटायर होण्याआधीचं माझं हे शेवटचं काम. नकाशांवर सही माझी लागते. संस्थेला तुझी परवानगी नकोय, मला हवी आहे. खेळ तुझा आणि ढब्बूचा होता. घरातल्या जेवणाच्या टेबलावरून चादर सोडून तुम्ही दोघा भावंडांनी खाली राज्य मांडलंत, डाव आणि गाळणी आईच्या स्वयंपाकघरातून पळवलीत. मी ते सगळं न विचारता उचललं आणि चारचौघांत बांधून ठेवलं. उद्घाटनाच्या दिवशी 'बाबा, तुला काहीच कळलं नाही' एवढं बोलून तू गेलीस ती गेलीसच. ढब्बूला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. त्याची एकच गोष्ट तुझ्यापाशी उरली होती, तीही मी चव्हाट्यावर मांडली. एवढं कळतं मला. तेवढाही ठोंब्या नाही मी.

पंचवीस मार्चला बैठक आहे. त्याआधी हो किंवा नाही कळव. पोस्टकार्डावर एक शब्द पुरे.

गुडघा बरा आहे. म्हणजे नाहीये, पण तुला काय त्याचं.

बाबा


२० फेब्रुवारी

ठमे,

आई तुझ्याकडून परत आली. मी काहीएक विचारणार नव्हतो. तिची चप्पल पायातून निघायच्या आत विचारलं.

म्हणाली, 'वाचलं तिने. घडी घालून साखरेच्या डब्याखाली ठेवलं.'

'काही बोलली?'

'बोलली ना. आई, पोळीला तूप लावू का, असं बोलली.'

टोमणे मारायला तुझ्या आईला कुठे शाळेत जावं लागलं नाही. मी मनाशी म्हटलं, साखरेच्या डब्याखाली म्हणजे केरात नाही. डबा रोज उचलला जातो. एवढ्यावर मी आठवडा काढला, हसू नकोस.

मधले तीन दिवस मैदानावर बसून होतो. दुरुस्तीआधी आम्ही असंच करतो, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं आणि वहीत लिहायचं. कोण कुठे उभं राहतं, किती मिनिटं, कोण कुणाला कुठून हाक मारतं. मुलांचं काही बघावं लागत नाही, ती कुठेही रमतात. बघायचं ते मोठ्यांना. कंटाळलेला बाप पंधराव्या मिनिटाला 'चला आता' म्हणतो आणि मुलाची संध्याकाळ तिथेच आटपते. म्हणून सगळ्या घरादारासाठी आखायचं. आज्यांच्या बाकाला पाठ हवी आणि उठताना धरायला हात हवेत. आईला बसल्या जागेवरून घसरगुंडीचं वरचं टोक दिसायला हवं. बापाला काहीतरी धोपटायला, ढकलायला हवं, नाहीतर तो फोन काढतो. नऊ ते तेवीस सेंटीमीटरची फट कुठेही ठेवायची नाही, मुलाचं डोकं अडकतं. आणि मूल जिथे शिरेल तिथे मोठ्या माणसाला जाता आलं पाहिजे. हे मी पहिल्या मैदानापासून पाळत आलोय.

म्हणून तर त्या टेबलाखाली मी दोन मीटर दहा उंची ठेवली. सहा फुटी माणूस टोपी घालून ताठ आत जातो. उद्घाटनाच्या भाषणात मी तेच सांगितलं, 'इथे कुठल्याही आईबापाला वाकावं लागणार नाही.' काय टाळ्या पडल्या! ते वाक्य दाराच्या पाटीवर कोरलंय. तू तेव्हा दुसऱ्या रांगेत बसली होतीस. टाळ्या थांबल्या तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती, आणि मी धावत फाटकाशी गाठलं तेव्हा तू ते एकच वाक्य बोललीस.

ठमे, मी चोरी केली. सरळ सांगतो. तुला विचारायला हवं होतं. तू एकवीस वर्षांची होतीस, लहान नव्हतीस, मी एका संध्याकाळी समोर बसवून म्हणायला हवं होतं की हे असं डोक्यात आहे, बांधू का? नाही विचारलं. तू नाही म्हणशील याची भीती होती. चुकलो. माफ कर.

आता तरी हो किंवा नाही?

बाबा


६ मार्च

ठमे,

पोस्टकार्ड आलं नाही. आई म्हणते, 'तिच्या मागे लागू नका.' मी म्हटलं, मागे कुठे लागतोय, कामाचं विचारतोय. ती म्हणाली, 'हो, कामाचंच विचारत आलात जन्मभर.' आणि आत निघून गेली. मग मी हे लिहायला बसलो.

कामाचं बाजूला ठेवतो.

डॉक्टरांनी मला आणि आईला खोलीत बोलावून सांगितलं, त्यानंतर ढब्बू चार महिने होता. तुला तेव्हा तेवढंच सांगितलं होतं की त्याच्या रक्तात बिघाड आहे आणि औषध चालू आहे. नावाचा ढब्बू राहिला होता, मनगट माझ्या दोन बोटांत मावायचं. मी ऑफिसात सांगून काम घरी आणलं. सगळ्यांना सांगायचो, पोराजवळ राहता यावं म्हणून. आणि रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून बसायचो. तुम्ही दोघं खाली, मी वर. तुमची कुजबुज चालायची, मधेच खुदखुदणं, मधेच तो दमला की शांतता. मी वरून टेबल ठोकून म्हणायचो, 'आवाज कमी रे राज्यात!' हा माझा त्या खेळातला भाग. बास, एवढाच.

एकदा त्याचा आवाज अगदी स्पष्ट आला. 'ताई, बाबाला सांगायचं नाही हं. शप्पथ घे.'

तू म्हणालीस, 'शप्पथ.'

मला वाटलं, त्याला जे दुखतंय ते तो तुला सांगतो आणि माझ्यापासून लपवतो. माझ्यासमोर रडायचं नाही असं ठरवलंय लेकराने. कुठलाही बाप उठला असता, खाली शिरला असता, त्याला छातीशी धरलं असतं. मी काय केलं सांगू? मला हायसं वाटलं. देवाशपथ सांगतो ठमे, हायसं वाटलं. मला सांगायचं नाही असं त्यानेच ठरवलंय म्हणजे मला बघावं लागणार नाही, असं वाटलं. मी पट्टी उचलली आणि पुढची रेघ मारली. कुणाचं तरी उद्यान होतं, त्याच्या पायऱ्या.

हे आईलाही सांगितलेलं नाही.

तो गेल्यावर मात्र मला आत जायचं होतं. दहा वर्षं दुसरं काही सुचलं नाही. लोकांना वाटतं कल्पना काय झकास आहे, टेबल म्हणे, डाव म्हणे. मला नुसतं त्या टेबलाखाली जायचं होतं, म्हणून मी ते इतकं उंच बांधलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कामगार गेल्यावर मी एकटा आत चालत गेलो. ताठ. मधोमध जाऊन उभा राहिलो. खाली फक्त सावली होती आणि रंगाचा वास.

तुमच्या राज्यात मला मज्जाव होता आणि मी बळंच घुसलो. तुझा राग हाच असणार. चोरीपेक्षा हा मोठा गुन्हा आहे, मला कबूल आहे.

बाबा


११ मार्च

मागच्या पत्रात भलतंच लिहिलं. आईला दाखवू नकोस.

नको, दाखवायचं तर दाखव. पण काहीतरी बोल गं. शिव्या दे. तुझ्या पोटात ठेवलेलं मला इथे घास गिळू देत नाही. बैठकीला दोन आठवडे राहिलेत, ती बैठक गेली खड्ड्यात. तू नाही म्हणालीस तर मी सही करणार नाही, आणि काहीच बोलली नाहीस तरी करणार नाही.

बाबा


१६ मार्च

बाबा,

चार पत्रांत तू दोन गुन्हे कबूल केलेस आणि दोन्ही चुकीचे.

चोरल्याचा राग मला कधीच नव्हता. मैदान बांधतोयस हे आईने मला आधीच सांगितलं होतं. मी खूश होते. नवा ड्रेस घेऊन आले होते उद्घाटनाला. आणि तुला मज्जावही नव्हता. हेच तुला कळलं नाही आणि मी तुला कळू दिलं नाही.

आता सगळं एकदम लिहिते, मधे थांबले तर राहून जाईल.

आमच्या राज्याला राजा नव्हता. मी प्रधान, ढब्बू सेनापती. राजाची जागा मधोमध, त्यावर आईची निळी उशी. तिथे कुणी बसायचं नाही. राजा म्हणजे तू. ढब्बूने नियम केला होता की राजाला बोलवायचं नाही, त्याने आपणहून यायचं. त्याने स्वतः वाकून चादर उचलली आणि आत बघितलं की तो राजा झाला. सांगितलं तर फुकट जाणार. 'बाबाला सांगायचं नाही' ते हे. दुखण्याचं काही नव्हतं. दुखलं की तो आईला सांगायचा, मोठ्याने सांगायचा, तुला माहीत आहे.

रोज संध्याकाळी तू नकाशे घेऊन बसलास की तो चादरीच्या फटीतून तुझे पाय बघत राहायचा. अंगठा हलला की माझा हात धरायचा. खुर्ची सरकली की उशी झटकून नीट करायचा. तू उठून दिवा लावायचास आणि परत येऊन बसायचास. एकदा तुझी पेन्सिल पडली. गडगडत थेट आत आली, उशीपाशी. ढब्बूने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले, हसू फुटेल म्हणून. आम्ही श्वास रोखून बसलो. तू डब्यातून दुसरी घेतलीस.

तो म्हणाला, 'असू दे, आज काम आहे त्याला. उद्या येईल.'

शेवटी बसवत नव्हतं तेव्हा तो आडवा पडून बघायचा. रोज म्हणायचा, उद्या येईल.

बाबा, मी अकरा वर्षांची होते. तो इतका आजारी आहे हे मला कुणी नीट सांगितलं नाही, पण मला कळत होतं. मी एकदा तुझ्या कानात सांगितलं असतं, 'बाबा, जरा खाली वाक,' तर तू वाकला असतास. त्याला कळलंही नसतं की मी सांगितलं. पण शप्पथ घेतली होती, आणि नियम त्याचा होता. मला वाटलं अजून वेळ आहे.

मग तो गेला. नंतर सांगून काय करणार होते? तुला मारून टाकण्यासारखं झालं असतं. मी दहा वर्षं गप्प बसले. आणि तू माइकवर उभा राहून म्हणालास की इथे कुठल्याही आईबापाला वाकावं लागणार नाही. लोक टाळ्या वाजवत होते. मला तुझा राग आला, आणि त्याच्या दसपट माझा. तुझ्याशी बोलले असते तर हे सांगावं लागलं असतं. म्हणून बोलले नाही. सहा वर्षं आईलाही हेच वाटतंय की मी तुझ्यावर रुसले आहे.

पाच गावांत बांध. सही कर. फक्त छत खाली घे. घरच्या टेबलाएवढं.

मी बरी आहे. रागावलेली नाही. पण तुझ्यासमोर यायचं धाडस नाही.

ठमा


२० एप्रिल

ठमे,

महिना लागला. तीनदा लिहायला बसलो आणि उठलो. पहिल्या दिवशी आईने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि वाचलं. मग आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून जमिनीवर बसलो होतो, गॅसवर दूध उतू जात होतं आणि कुणीही उठलं नाही. आई एवढंच म्हणाली, 'पोरीने एकटीने वाहिलं हो हे सगळं.'

पेन्सिल पडलेली मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं. डब्यात नेहमी सहा-सात असायच्या, एखादी पडली तर मी कशाला बघणार. मला तो दिवससुद्धा आठवत नाही, ठमे.

आधी तुझं. तू काही केलेलं नाहीस. अकरा वर्षांच्या मुलीने धाकट्या भावाची शप्पथ पाळली, यात गुन्हा कसला? मी त्याचा बाप होतो. मला कुणी कानात सांगायची गरज पडायला नको होती. पुन्हा स्वतःला बोल लावलास तर मी गुडघा धरत, लंगडत, पण तिथे येऊन तुझ्याशी भांडेन.

आता कामाचं, कारण त्याशिवाय मला बोलता येत नाही हे आई म्हणते ते खरंच आहे.

बैठकीत मी छत पंच्याहत्तर सेंटीमीटरवर आणलेला नकाशा ठेवला. आमची साहेबीण माझ्याहून वीस वर्षांनी लहान, हुशार आहे. ती बघतच राहिली. 'सर, हे तुमच्याच नियमाच्या विरुद्ध आहे. पालक तक्रार करतील.'

म्हटलं, 'करू देत.'

'आत एखादं मूल अडकलं, पडलं तर?'

म्हटलं, 'दोन्ही बाजूंच्या फळ्या बाहेरून उघडतात, मोठं माणूस चार सेकंदात पोचेल. सगळं नकाशात काढलंय. पण बघायचं असेल तर वाकावं लागेल.'

'का पण?'

मी नकाशाची घडी उलगडून पुन्हा घातली. ती बाई काय समजली देव जाणे, म्हणाली, 'बरं, आधी नमुना करून बघू.'

नमुना म्हणजे खराखुरा करायच्या आधी साध्या फळ्या ठोकून लोकांना वापरायला देतात. आपल्या मैदानावर टेबलाखालच्या एका कोपऱ्यात मी बुटकं छत ठोकून घेतलं, पुढे जाडजूड कापडाचा पडदा सोडला, आत गाद्या टाकल्या. पाटी उतरवली. आणि वही घेऊन बाकावर बसलो.

पहिला दिवस तू सांगितला असतास तसाच गेला. पोरं पाच मिनिटांत आत गडप. मोठी माणसं बाहेर ताटकळत. एकजण मला म्हणाला, 'अहो, हे कुणी केलंय? आत दिसत काहीच नाही.' मी म्हटलं, 'चूक झाली असेल हो कुणाची तरी.' अकरा बाप आले, सहा आया, दोन आज्या. वाकलं कुणी नाही. सगळ्यांनी बाहेरून हाका मारल्या आणि पोरं नाइलाजाने बाहेर आली.

काल एक माणूस आला. कामावरून थेट, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. त्याने दोन हाका मारल्या. उत्तर नाही. आत खुसखुस चालली होती, ती त्याने ऐकली. इकडेतिकडे बघितलं, बॅग खाली ठेवली, पँट गुडघ्यापाशी वर ओढली आणि बसला खाली. मग हात टेकले. मग पडदा उचलून डोकं आत घातलं.

आतून जो ओरडा झाला, तो रस्त्यापर्यंत गेला असेल. चार-पाच पोरं एकदम. आणि त्यात एक आवाज, बारीक, सगळ्यांच्या वर, 'आला! बाबा आला! मी म्हटलं होतं ना!'

मी ताडकन उठून उभा राहिलो, ठमे. वही कुठे पडली मला माहीत नाही. माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं. तो माणूस खांद्यापर्यंत आत गेला होता, त्याच्या बुटांचे तळवे तेवढे बाहेर दिसत होते. मी लाटण्याच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो आणि भर दिवसा, सगळ्या लोकांत, ढसाढसा रडलो. एक आजी उठून आल्या आणि त्यांनी पाणी दिलं.

मी जन्मभर सगळं मोजत आलोय. पायरी, फट, बाक, सावली. एक मोजमाप माझ्याकडे नाही आणि ते फक्त तुझ्यापाशी आहे. किती संध्याकाळी? साधारण नको, नीट आठवून. पहिल्या दिवसापासून, तो आडवा पडून बघायचा तिथपर्यंत. मला तो आकडा हवा आहे.

पत्रात लिहू नकोस. येऊन सांग.

बाबा